रविवारी माझ्या चपला कोणी धरायच्या

नलू, तुला आठवते? शाळा सुटल्यावर आपण दोघी बहिणी चौपाटीवर गेलो होतो. तू बारा वर्षांची, मी दहा. बूट-मोजे काढून तू माझ्या हाती दिलेस आणि पिनफोरसकट कमरेइतक्या पाण्यात शिरलीस. "देवू, ये गं!" मी आले नाही. तुझे बूट घट्ट धरून वाळूतच उभी राहिले. घरी आईने तुला बदडले आणि मला शहाणी म्हटले. ते 'शहाणी' मला पन्नासहून अधिक वर्षे पुरले.

तर मी, देविका वामन तळपदे, वय सदुसष्ट, अविवाहित, विमा कार्यालयातून निवृत्त, राहणार गिरगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, मनमोहनदादाला ते मान्य नसले तरी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. करावे लागेल असे काही करतच नव्हते.

आता कारण घडले आहे. येत्या रविवारी सकाळी मी वरळी कोळीवाड्याच्या धक्क्यावरून समुद्रात उतरणार आहे. नांगरलेल्या होडीपर्यंत पोहत जायचे आणि परत यायचे, एकूण एक किलोमीटर. हे मृत्युपत्र मी काही भीतीने लिहीत नाही. बरे, थोडी भीतीनेही.

पोहायला मी त्रेसष्टाव्या वर्षी दादरला शिकू लागले. चार महिने नुसती बुडत होते. एकदा आमचे शिक्षक हितेंद्र काठावरून ओरडले, "मॅडम, मुठी सोडा! काय धरलंय एवढं?" उत्तर मला ठाऊक होते. तुझे बूट, आईची दुखणी, ऑफिसातल्या कपाटाच्या किल्ल्या. मुठी उघडल्या त्या दिवशी पाण्याने मला उचलून धरले. मी मोठ्याने हसले. नाकातोंडात पाणी गेले, तरी हसले.

माझी स्वकष्टार्जित जागा नलूची नात ऋग्वेदा हिला द्यावी. अट एकच, त्या जागेसाठी तिने मुंबईत थांबू नये. बंगळूरची नोकरी चालून आली आहे आणि ही म्हणते, "आजीला कोण बघणार, घराला कोण बघणार?" बाळ, घराला कुलूप पुरते. आजीजवळ मी आहे. मी नसेन तर माझ्या ठेवींच्या व्याजातून आजीसाठी मदतनीस बाई ठेवावी. तू जा.

मोठा भाऊ मनमोहन याने १९७५ साली माझा पोहण्याच्या वर्गाचा अर्ज फाडला. "बुडालीस तर लग्न कोण करणार तुझ्याशी?" दादा, न बुडताही कोणी केले नाही. तरंगायला शिकताना मी धरायची तो फोमचा फळा तुला द्यावा. मला आता लागत नाही. राग उरलेला नाही. थोडा असेल, तो फळ्यासोबत घ्यावा.

आईची मोठी विळी मालनला. पंचवीस वर्षे ती माझ्या दारी मासे आणते आणि तीच विळी मागते. रविवारचा बेत ऐकून ती टोपली खाली ठेवून हसली. "बाय, इतकी वर्सं तू बोंबील खाल्लेस. आता त्यांची पाळी!" आणि लगेच, "भरती-ओहोटी मी बघते. माझी होडी बाजूला असल्याबिगर उतरायचं नाय." तिलाच साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, असे वकील म्हणाले. मालनने विळी पसंत केली.

आईच्या पाटल्या नलूला. नलू, दहा दिवस तू माझ्याशी बोललेली नाहीस. "मी बघायला येणार नाही," एवढेच म्हणालीस. तुझे गुडघे मला माहीत आहेत. टॅक्सी सांगून ठेवली आहे. धक्क्यावर मालन तुझ्यासाठी खुर्ची मांडणार आहे.

राहिल्या चपला. रविवारी पाण्यात उतरताना मी त्या काढीन. त्या नलूच्याच हातात द्याव्यात. मी परत आले तर तिने त्या माझ्यापुढे ठेवाव्यात, मी ओल्या पायांनी घालीन. परत आले नाही तर त्या ऋग्वेदाला द्याव्यात, आमचे माप एकच आहे. तिने त्या घालाव्यात. राखू नयेत.

सही: देविका वामन तळपदे

देविकाताईंनी आमच्यादेखत हसत सही केली. त्यांच्यादेखत आम्ही केली.

साक्षीदार:
१. हितेंद्र परब, पोहण्याचे शिक्षक, परळ
२. डॉ. सुचित्रा कीर्तिकर, अँटॉप हिल

गिरगाव, मुंबई
७ जानेवारी २०२५