आईच्या चहापेटीचं खरं लाकूड

सोमवार, ४ मार्च. सकाळी ८.
ताई काल आईची चहापेटी देऊन गेली. झाकणाची बिजागरी निखळली आहे. रविवारी संग्रहालयाच्या बाई पेटी बघायला येणार. पसंत पडली तर काचेच्या कपाटात जाईल, खाली आईच्या नावाची पाटी. आई गेल्यापासून दोन वर्षं ताई त्यांच्या मागे लागली होती. फक्त बिजागरी बसव, बाकी कशाला हात लावू नकोस, असं दारातून तीनदा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?
पेटी उघडली आणि शिसारी आली. आत चहापत्तीचे दोन कप्पे, मध्ये साखरेच्या वाटीसाठी खाच, सगळ्याला खवट वास. बाहेरून चिकट, काळपट. ही घाण आईच्या नावानं मांडायची?

मंगळवार.
बिजागरी उद्या. आज अभ्यास. जुन्या चहापेट्यांवर अकरा व्हिडिओ बघितले. महोगनी, शिसवी, आबनूस, आता नुसत्या नजरेनं ओळखेन. आपली पेटी अक्रोडाची. त्यातही गाठीचा अक्रोड. झाडाला गाठ येते तिथलं लाकूड, सगळे भोवरेच भोवरे. आरपार अक्रोड!
बायको म्हणाली, अकरावा व्हिडिओ ‘जुनी वस्तू घासू नका’ असा होता ना? तो मी अर्धाच बघितला. माणूस फार रेंगाळत बोलत होता.

बुधवार.
ओल्या फडक्यानं सुरुवात. फडकं काळंकुट्ट. ई! चार पिढ्यांच्या हातांचा मळ. जेवणावरची वासनाच उडाली. (दोनच पोळ्या खाल्ल्या.) मग स्पिरिट. बायको खिडक्या उघडत फिरतेय. तिच्या नाजूकपणाचा नुसता वीट आलाय.

गुरुवार. सकाळी ११.
झाकणावर पांढरे ढग उमटले. स्पिरिट भेसळीचं. हल्ली शुद्ध काही मिळतच नाही. उपाय: पॉलिश पेपर, ८० नंबर. दुकानदार म्हणाला, इतका खरखरीत नको, ४०० घ्या. खिळे विकणाऱ्यानं मला लाकूड शिकवावं!
दुपारी ४. काय रंग निघालाय! बायको म्हणते, आता पुरे. तिला अर्धवट कामाची सवय.

शुक्रवार.
फसवणूक! भोवरे गायब. झाकणाच्या मधोमध पिवळट, फिक्कट, फळांच्या खोक्याला वापरतात तसलं लाकूड. म्हणजे वर अक्रोडाचा देखावा आणि आत खोकं! ही पेटी घेणाऱ्या आईच्या आजोबांना कुणीतरी चक्क टोपी घातली. तळपायाची आग मस्तकात गेली. खात्रीसाठी एक बाजू घासली. तिथेही तेच. दुसरी घासली. मग उरलेल्या दोन्ही. आता पुरावा पक्का.
ताईला कोणत्या तोंडानं सांगू? बिचारी दोन वर्षं एका खोक्यासाठी झुरली.

शनिवार. दुपार.
साक्षीला कुणीतरी हवं म्हणून कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे पेटी नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, असंच करतात. गाठीचं लाकूड वाकतं, तडकतं, म्हणून त्याचा पातळ पापुद्रा काढून साध्या लाकडावर चिकटवतात. जिथे जाल तिथे हीच पद्धत. पापुद्रा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. केरात, असं सांगितलं. त्यांनी बिजागरी दोन मिनिटांत बसवली आणि मजुरी घेतली नाही. मला कीव केलेली अजिबात आवडत नाही.

संध्याकाळी ६.
मार्ग सापडला. तपकिरी बूट पॉलिश, दोन हात. हुबेहूब अक्रोड! भोवरे पेन्सिलीनं काढले. वास थोडा बुटांचा येतो, पण संग्रहालयात वास कोण घेतं?
बायको समोर बसून होती. मग उठून तिनं पुन्हा सगळ्या खिडक्या उघडल्या. हा तर उघड उघड कांगावा.

रविवार. संध्याकाळी ७.
बाईंनी वास घेतला. त्यांचे पांढरे हातमोजे तपकिरी झाले. त्यांनी पिशवीतून ताईनं पाठवलेला पेटीचा जुना फोटो काढला आणि झाकणाच्या कडेला एक काळपट, खोलगट ठिपका दाखवला. म्हणाल्या, अशा पेट्या आमच्याकडे आहेत, अक्रोडाच्याही आहेत. आम्हाला ही हवी होती ती या खुणेसाठी. आता नाही घेता येणार.
मी भेसळीच्या स्पिरिटचं सांगायला लागलो. शेजारी उभ्या ताईनं हातानंच थांबवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या जागेवर अंगठा ठेवून बघितला. म्हणाली, आई रोज सकाळी इथेच धरून झाकण उघडायची रे, पन्नास वर्षं. मग चहा न घेता गेली. पेटी न्यायचं नावही काढलं नाही.
तो ठिपका मला आठवतो. बुधवारी मी सगळ्यात आधी तोच घासला होता. नाकाला रुमाल बांधून.