मामंजींना मामंजींची भूमिका मिळाली नाही

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर धरते, तेव्हा एकातच दोन नमस्कार समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला अजूनही फक्त तुझ्यावर ओरडतानाच थांबतो का? इकडे सगळे ठणठणीत. आजारी आहे ती आमच्या इथल्या मराठी मंडळाची अक्कल.

झालं असं, की बाहेरून आलेल्यांनीही हा देश घडवला, असा इथल्या नगरपालिकेला अचानक साक्षात्कार झाला. (इतकी वर्षं आम्ही नुसते रांगेत उभे होतो, अशी त्यांची समजूत असावी.) प्रत्येक समाजाने आपला वारसा रंगमंचावर दाखवावा, असं फर्मान निघालं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे ते दातांचे डॉक्टर. जन्मले इथेच, पण मायदेशाच्या आठवणीने प्रत्येक भाषणात हुंदका काढतात. त्यांनी नाटक लिहिलं: पहिल्यांदा इथे आलेला माणूस म्हातारपणी स्टुलावर बसून आपली कहाणी सांगतो. आता आपल्यातलं इथे सगळ्यांत आधी आलं कोण? आमचे मामंजी! लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीवर आले आणि जन्मभर या शहराला वरखाली नेत राहिले. तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून ते निवडीला गेले. डॉक्टरांनी त्यांना बसवलं, उठवलं, वळवलं आणि म्हणाले, "काका, तुमच्या चेहऱ्यावर स्थलांतराची वेदनाच दिसत नाही." भूमिका गेली डॉक्टरांच्या जावयाला! सोफ्यावरून पलंगावर, एवढंच त्याचं आजवरचं स्थलांतर. मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. मला ते फार लागलं रे.

प्रयोगाच्या दिवशी जावई केसांना पावडर फासून बसला आणि गहिवरून म्हणाला, "उतरताच मी या मातीला वंदन केलं!" तोच मागच्या रांगेतून मामंजी गरजले, "साफ खोटं! उतरल्यावर मी आधी संडास शोधला!" तेही इथल्या भाषेत. महापौरबाई इतक्या हसल्या, की त्यांनी मामंजींना वरच बोलावलं. मामंजी म्हणाले, "देश घडवायला कोण आलं होतं? मी पगारासाठी आलो. बायको रोज रडायची, म्हणून परत निघालो होतो. मग इथलीच एक शेजारीण आमच्या बाळासाठी झबलं शिवून घेऊन आली, बायकोजवळ बसली, आणि आम्ही राहिलो. हाच काय तो वारसा." सभागृहात टाळ्या थांबेनात. डॉक्टरही टाळ्या वाजवत होते, पण भूल न देता स्वतःचीच दाढ उपटल्यासारखा चेहरा करून!

अशा दिखाऊ मंडळाशी माझा यापुढे काडीचा संबंध नाही. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. डॉक्टरांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी ती भूमिका मामंजींनाच. सकाळपासून आरशासमोर चेहऱ्यावर वेदना आणताहेत. पोट साफ न झाल्यासारखे दिसतात, पण सांगणार कोण?

ता. ता. क. अध्यक्षपदाला मी उभी आहे. (कुणीतरी घाण उपसायला नको?) आपल्या घराण्यात समाजसेवा पिढीजात आहे, असं पत्र तुझ्या सहीने ताबडतोब पाठव. पाण्याच्या टाकीवरून बाबांनी शेजाऱ्यांना जन्मभर कोर्टात खेचलं, ते 'सार्वजनिक कार्य' म्हणून घाल.