डावं मागचं दार

ती. मामांना नमस्कार.

नव्या गुडघ्याने जिना मान्य केला का? (आई म्हणते, जुना तरी कुठे ऐकत होता.) आम्ही ठीक. आमच्याकडे ठेवलेली तुमची काळी गाडीही बरीचशी ठीक.

तुम्ही ती रोज सकाळी जुन्या बनियनने कोरडीच पुसता. धूळ आणि बनियन मिळून रंगावर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं विणतात. उन्हात पाहिलं तर कोळ्याने बॉनेटवर संसार थाटल्यासारखं दिसतं. तुम्ही रविवारी यायच्या आत ते काढावं म्हणून मी पॉलिशचं मशीन आणलं. प्रयोग म्हणून बॉनेटवर वीतभर चौकोन घासला. तो आरशासारखा झाला आणि उरलेली गाडी एकाएकी कळकट दिसू लागली. (इथे थांबणारी माणसं सुखी असतात.)

घासताना रंग झिजतो, म्हणून पुढे जाण्याआधी त्याची जाडी मापकाने मोजली. सगळीकडे एकशे दहा ते एकशे वीस मायक्रॉन; डाव्या मागच्या दारावर चारशे बारा, म्हणजे खाली कधीतरी भराव घातलेला. तीनदा मोजलं. आई शेजारी कपडे वाळत घालत होती. यंत्रं चुकतात, असं म्हणून तिने वाळलेला टॉवेल पुन्हा पिळायला घेतला. चौथ्यांदा मोजल्यावर कबूल झाली. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही परगावी असताना ती तुमच्या गाडीवर गुपचूप रिव्हर्स शिकत होती. फाटकाचा खांब बाजूला झाला नाही. पेंटरने चार दिवसांत पोचा भरून दार रंगवून दिलं. तेव्हापासून तिने तुमच्याकडे किल्ली मागितलेली नाही.

"दादाला कळलं तर बोलणार नाही तो काही," ती म्हणाली, "पण पुन्हा विश्वास ठेवणार नाही."

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. मी आईचं गुपित फोडलं असं वाटेल. पण फुटायला ते आधी गुपित असावं लागतं. जाळं सगळ्या गाडीवर आहे, त्या एका दारावर नाही. नऊ वर्षं बनियन नेमकं तेवढंच दार वगळतं, हे योगायोगाने होत नाही. तुम्हाला माहीत आहे, हे तिला एकदा सांगा. शक्यतो किल्ली तिच्या हातात देऊन.

ता. क. २. जाळंच नसलेल्या दारावर मशीन फिरवायची गरज नव्हती. आत काय आहे याचं कुतूहल होतं. मधे चारशे बारा म्हणून निर्धास्त दाबलं. कड मोजायची राहिली; तिथे रंग पातळ निघाला. नाण्याएवढा रंग उडाला आहे. पेंटर अजूनही चार दिवसच घेतो. गुडघ्याला विश्रांती हवीच, तेव्हा रविवारऐवजी गुरुवारी यावं.