सुशीलाच्या गाठींबद्दल माझा अंदाज

५ जानेवारी. सकाळ.
सुशीलाचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. घाबरण्याचं कारण नाही, असं तिला तीनदा सांगितलं. तिने मला पाणी आणून दिलं.
संकल्प : आजपासून सगळं मी बघणार.

७ जानेवारी.
खरा प्रश्न लसिकाग्रंथींचा. म्हणजे ओटीपोटातल्या बारीक गाठी. आजार तिथवर गेला नसेल तर ऑपरेशनवर सुटका. गेला असेल तर केमो, रेडिएशन. एमआरआयमध्ये दरवेळी कळतंच असं नाही, म्हणे. मग अंदाज करायचा. तीस वर्षं कृषी खात्यात मोहोर बघून देवगडच्या हापूसचा अंदाज कोणी दिला? मीच.
सुशीला म्हणाली, "एक साल तीनशे पेटी सांगलास, इली नव्वद."
त्या वर्षी हवामान चुकलं होतं.

८ जानेवारी.
तक्ता केला. वय, वजन, कॅन्सरची ग्रेड, गर्भाशयाच्या भिंतीत किती खोल. नेटवर बघून गुण दिले. आजार गाठींत गेला असण्याची शक्यता अकरा टक्के.
कुठेतरी चूक आहे.

९ जानेवारी.
चूक सापडली. वजन जुनं धरलं होतं. शिवाय चौसष्ट तिला मार्चमध्ये पूर्ण होतील. आठ टक्के.
ती रोज बागेपर्यंत चालते, त्याचे गुण नेटवाले देतच नाहीत. मी दिले. चार टक्के.
संध्याकाळपर्यंत दोन टक्के. इथे थांबलो. उगाच फार आशावादी होऊ नये.

१४ जानेवारी. गोवा.
ऑपरेशन करणारी डॉ. संचिता आमच्या मुलीच्या, रियाच्या वयाची. तक्ता पुढे ठेवून म्हटलं, गाठींना हात लावायची गरज नाही. तिने शेवटपर्यंत वाचला. 'बागेपर्यंत चालणे' इथे जरा थांबली.
"काका, दोन टक्के म्हणजे पन्नासात एक बाई. ती कोणती, हे तक्ता सांगत नाही."
रंग टोचून, आजार सर्वांत आधी जिथे पोचेल त्या दोन-चार गाठी शोधायच्या आणि तेवढ्याच तपासायच्या, असं तिचं म्हणणं. विचार करून कळवतो, म्हटलं.
सुशीला म्हणाली, "काढा."
एकूण चर्चा माझ्या बाजूने झाली.

२३ जानेवारी.
ऑपरेशन झालं. मी पूर्ण वेळ शांत होतो. रिया म्हणते, वॉचमनला मी एकच प्रश्न पाच वेळा विचारला. मुंबईत राहून ती तिखटमीठ लावून सांगायला शिकली आहे. रिपोर्ट दहा दिवसांनी.

२७ जानेवारी. घर.
संकल्प : स्वयंपाक मी करणार. पेज करपली. दुसरी सुशीलाने खुर्चीत बसून सांगितली तशी केली. जमली. माझा हात बसतो आहे.

३ फेब्रुवारी. मंगळवार.
रिपोर्टसाठी फोन करणार होतो. रेंज नव्हती.

४ फेब्रुवारी.
रेंज होती. डॉक्टर जेवत असतील.

५ फेब्रुवारी.
आज त्यांची ओपीडी असणार. दमलो आहे. काही न करता माणूस एवढा कसा दमतो?

८ फेब्रुवारी. दुपार.
सुशीलाला समजावलं, रिपोर्ट उशिरा म्हणजे चांगलाच. वाईट असता तर लगेच कळवलं असतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिपोर्ट मंगळवारीच इलो. माझ्या मोबाईलार. चार गाठींतल्या एकीत कॅन्सर गावलो."
मला का नाही सांगितलंस, विचारलं.
"तुमका आताशी खंय झोप लागाक लागली हुती."
डॉक्टरांशी ती बोलली आहे. दोन मार्चपासून केमो. गोव्यात तिच्या भावाकडे, भाईकडे, राहायचं ठरवलं आहे. रियालाही कळवलं आहे. तुला भीती नाही वाटत का, असं विचारलं.
"वाटता मां. पण तुमी पयलेच भियातास, मगे माका जागा खंय उरता?"

९ फेब्रुवारी.
सकाळी अंगणात सुशीला रडली. बराच वेळ. मी काही समजावलं नाही. बाजूला बसून राहिलो. एवढंच केलं.