पडदा माझ्या हाती

३ डिसेंबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी नट.
जाफराबादच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाने काल मला मुद्दाम बोलावून घेतलं. दिग्दर्शिका जान्हवी. कॉलेजात इतिहास शिकवते, वय तीस, आवाज मात्र स्टँडवर जीप भरणाऱ्याचा. म्हणाली, सर, तुम्ही मंडळात पाहिजेच. मी बावीस वर्षं तालुक्याचा वार्ताहर आहे, माणूस ओळखतो. तिने माझ्यातला नट ओळखला. यंदा पेपरात बातम्या बराबर येतील ना, असंही विचारलं, पण ते आपलं बोलण्याच्या ओघात.
शिक्षण एम. ए. संस्कृत. वाचिक अभिनय अंगातच आहे. आंगिक जमवू, उजवा गुडघा वगळून.
ताराला सांगितलं. सव्वीस वर्षांच्या संसाराला साजेसं उत्तर आलं: बरं झालं, घरातलं नाटक तिकडं होईल.

५ डिसेंबर
एकांकिकेचं नाव 'सहीपुरतं'. जान्हवीनेच लिहिलेली. एका एसटी ड्रायव्हरचा पोरगा मोटारसायकलीने एकाला उडवतो. बापाने डोळ्यांनी पाहिलंय. पोलिसांनी जबाब लिहून आणलाय, बापाची सही पाहिजे. शेवटी बाप पेन उचलतो, दोन पानी स्वगत म्हणतो, सही करतो. पडदा. जालन्याला जिल्हा स्पर्धा ५ जानेवारीला.
बाप मीच, हे उघड आहे. आज ती दोन पानं मी अशी वाचली की खोलीत टाचणी पडली नाही.

६ डिसेंबर
बाप राधेश्याम.
राधेश्याम म्हणजे बियाणं-खताचं दुकान. त्याच्या तोंडी 'आशीर्वाद'सुद्धा औषधाच्या डब्यावरचं नाव वाटतं. माझं वाचन संपल्यावर हाच म्हणाला होता, श्रीपतराव, बाप पोराशी बोलून राह्यला का रेडिओवर बातम्या देऊन राह्यला? सगळे हसले. जान्हवी तर सगळ्यांत आधी. नोंद घेतली आहे.
मला हवालदार. एकच वाक्य: "काका, इथं सही करा."
ठीक. एका वाक्यात काय करता येतं ते दाखवतो.

१० डिसेंबर
वाक्यावर काम केलं. मूळ वाक्यात करुणरसाला जागाच नव्हती. सुधारित: "आदरणीय काका, कृपया प्रस्तुत जबाबावर आपली स्वाक्षरी अंकित करण्याची कृपा करावी."
तालमीत म्हटलं. राधेश्याम पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला. त्याचं पाणी पिणं आतपर्यंत ऐकू येत होतं. जान्हवी म्हणाली, सर, हवालदार आपल्याकडचा आहे, स्वर्गातला न्हाई.

१३ डिसेंबर
वाक्य काढलं. हवालदार नुसता येऊन कागद ठेवणार. सूचना राधेश्यामची: श्रीपतराव नुसते उभे राह्यले तरी चौकशी सुरू झाल्यावाणी वाटतं, बोलायची गरजच न्हाई. आणि वर पाठ थोपटली.
सूड घ्यायचा. ठरलं.

१६ डिसेंबर
पहिला वार. तालमीची बातमी धाडली. सोबत फोटो. फोटो मीच कापला. जान्हवी पूर्ण आली आहे, टेबल पूर्ण आलं आहे, राधेश्यामचा डावा कान आला आहे.

१८ डिसेंबर
बातमी छापून आली. राधेश्यामने दहा अंक घेतले. कान दुकानाच्या काउंटरच्या काचेखाली लावला आहे. तूर विकायला आलेल्या माणसालाही दाखवतो. गिऱ्हाईक म्हणे लगेच ओळखतात. मला हाताला धरून बसवलं, चहा सांगितला. पत्रकारसाहेब, आजपोहतर आमचं नावबी कोणी छापलं न्हाई, तुम्ही कान छापला. डोळ्यांत पाणी होतं. तिखट खाल्लं असेल.
वार वाया. चहा बरा होता.

२१ डिसेंबर
हवालदारच काढला. कागद आधीपासून टेबलावर असणार. जान्हवीच्या मते ते जास्त भेदक आहे. म्हणजे माझ्यापेक्षा टेबल भेदक.
राजीनामा खिशात घेऊन गेलो होतो. तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, सर, दर्शनी पडदा घ्याल का? स्पर्धेत तो मंडळाच्याच माणसाने ओढायचा असतो. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई.
यवनिका! नटाचं काय, तो एकाच भूमिकेत अडकलेला. पडदा ज्याच्या हाती, नाटक त्याच्या हाती. राजीनाम्याच्या मागे ताराने किराण्याची यादी केली.

२४ डिसेंबर
पाशामियाँकडून धडे. हे गावचे मंडपवाले, मंडळाचं सगळं नेपथ्य तेच उभं करतात. सभागृहासारखी दोरी त्यांनी गोदामात बांधून दिली. पहिल्या चार वेळा पडदा अर्ध्यात अडला, पाचव्या वेळी एकच बाजू आली. त्यांचं शास्त्र साधं आहे: एक, दो, तीन मोजायचं अन् ओढायचं. बीच में विचार बिलकुल करायचा न्हाई, साब. विचार केला का रस्सी गांगरते.
मी त्यांना यवनिकेचा इतिहास सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाले, रस्सी सोडा आता, जेवायचं.

२७ डिसेंबर, दुपार
योजना पक्की झाली. तीन दिवस झोपेत हसत होतो म्हणे.
राधेश्यामचा सगळा जीव त्या दोन पानी स्वगतात आहे. दुकानात युरियाच्या गोणीवर बसून पाठ करतो. ते ऐकायला बायको, सासरा, व्याही आणि एक क्रूझर जीपभर गिऱ्हाईक जालन्याला येणार आहे. तो पेन उचलेल, छाती भरून घेईल, पहिलं वाक्य म्हणेल. आणि मी पडदा ओढीन. सासऱ्यासमोर.
कुणी विचारलंच तर दोरी निसटली. नवशिका आहे. नवशिकेपणाचे इतके फायदे आहेत हे आधी कुणी सांगितलं नाही.

३१ डिसेंबर
ताराला काही बोललो नाही. तरी म्हणाली, कोणाचं वाटोळं करून राह्यले? असे खुश तुम्ही मागं वसंताच्या लग्नात जेवण कमी पडलं तवाच दिसले होते. वसंता माझा साडू.
नव्या वर्षाचा संकल्प: मन शांत ठेवणे. सहा तारखेपासून.

५ जानेवारी, दुपारी २.३०, जालना, विंगेत
सासरा आला आहे. दुसऱ्या रांगेत, फेटा बांधून. देव आहे.
राधेश्यामने माझ्यासाठी विंगेत स्टूल आणून ठेवलं. गुडघा दुखत असंल, म्हणाला. लाच.
दोरी हातात. पुढचं नंतर.

५ जानेवारी, दुपारी ४
सूड पूर्ण.
सविस्तर लिहून ठेवतो. राधेश्यामने पेन उचललं. थांबला. समोर पाहिलं. एक शब्द नाही. पोराच्या चपलांकडे पाहिलं. पुन्हा थांबला. टाळ्यांसाठी प्रेक्षकांना ताणणारे नट मी वार्ताहर म्हणून पुष्कळ पाहिलेत, पण इतका उद्धटपणा नाही. पहिल्या वाक्याची वाट पाहायचं ठरलं होतं, माझ्याच्याने झालं नाही. ओढला. दोन्ही बाजू एका दमात येऊन भिडल्या. पाशामियाँ मागून 'वाह' म्हणाले.
पेन हवेतच. सही नाही, स्वगत नाही. सभागृह गार. मी ती शांतता मनापासून चाखली.
मग टाळ्या. नाटक पडलं की लोक अशा खवचट टाळ्या वाजवतात. बराच वेळ वाजवल्या. सासरा तर उभा राहून.

६ जानेवारी
निकाल. पहिलं पारितोषिक 'सहीपुरतं'. अभिनय: राधेश्याम. दिग्दर्शन: जान्हवी.
परीक्षक म्हणाले, शेवटी बाप सही करतो की नाही हे न सांगता पडदा पाडणं, याला धाडस लागतं. एका शब्दाशिवाय तो बाप आमच्या अंगावर आला. जान्हवीने माइकवर सांगितलं, शेवटावर आम्ही फार मेहनत घेतली.
पडद्याला पारितोषिक ठेवलेलं नाही.
बातमी मलाच द्यायची होती. दिली. फोटोत राधेश्याम पूर्ण घ्यावा लागला, ट्रॉफी त्याच्या हातात होती.

७ जानेवारी
राधेश्याम घरी आला. पेढे, शाल, बायको. ताराच्या देखत माझ्या पाया पडला. श्रीपतराव, पेन उचललं अन् डोकं एकदम कोरं. दोन पानं गेली ती गेलीच. सासरा समोर. वाटलं, आता इथंच मरतो. तुम्ही वळखलं अन् मला झाकलं. सख्खा भाऊ करणार न्हाई.
खरं सांगण्याची हीच वेळ होती. सूड कुणाला कळलाच नाही तर तो सूड कसला? तोंड उघडलं.
म्हणालो, अनुभव असतो.
तारा माझ्याकडे बघत पेढा खात होती.

११ जानेवारी
विभागीय फेरी संभाजीनगरला, २० तारखेला. जान्हवीने स्वगत कायमचं काढलं. नाटक पेनावरच संपणार. राधेश्याम सुटला. आता सगळं एका क्षणावर आहे आणि तो क्षण माझा, असं तीच म्हणाली.
स्टुलावर आता गादीही आहे.

१४ जानेवारी, सायंकाळी ६
तालीम. शेवट सोळा वेळा घेतला.
पडदा लवकर. पडदा उशिरा. पडदा लवकर. जान्हवी म्हणाली, सर, त्या दिवशीचा झटका न्हाई येऊन राह्यला. ओढताना मनात काय होतं तुमच्या? तेवढंच आणा.
आणायला लागलो. रेडिओ आठवला, हवालदार आठवला, पाणी पिणं आठवलं. राधेश्याम पेन उचलून उभा, माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच म्हणतोय, होऊ द्या निवांत. सोळाव्या वेळी तर मी ओढलाच नाही. तो फार सुंदर उभा होता, बघतच राहिलो.
जान्हवीने दोरी पाशामियाँना दिली. एक, दो, तीन. पहिल्याच खेपेला झाला.
राधेश्यामनेच विषय काढला: श्रीपतराव आमचे मोठे आहेत, त्यांना पहिल्या रांगेत बसवू.

१४ जानेवारी, ७.३०
ताराने विचारलं, मंग आता तुमचं काम काय तिथं?
म्हणालो, प्रेक्षक.
म्हणाली, जमंल.