तलावावर टाकलेलं दार

तिरोड्याकडून,
डिसेंबर 2013

आदरणीय दुलीचंद मामाजी यांच्या पायाशी भाचा ओमेश्वर याचं डोकं.

बालाघाटची थंडी तुमच्या गुडघ्यांना फार छळत नसेल अशी आशा करतो. मामीजींचा खोकला कसा आहे? इकडे सर्व ठीक. धान चुरून झालं, रिकाम्या बांधीत लाखोरीची डाळ पेरली, म्हशीनं दूध कमी केलं, आणि तुमच्या बंद घराच्या सपरीत टेकवून ठेवलेलं सागवानी दार मी तलावात टाकलं. रागावण्याआधी पुढचं वाचावं.

आपल्या रुचिचं जमलं हे तुम्हाला कळवलंच होतं. ती अंदमानच्या ज्या बेटावर नर्स आहे तिथलाच मुलगा आहे. माणसं सरळ आहेत. लग्न तिकडेच, माघात. आता आमचे होणारे व्याही, विश्वासबाबू, साठी उलटलेले, तरी रोज सकाळी समुद्रात फळी टाकून लाटेवर उभे राहतात. (याला सर्फिंग म्हणतात. खेळ पडण्याचाच आहे, पण पडेपर्यंत उभं राहावं लागते.) फोनवर त्यांनी ही गोष्ट इतक्या सहज सांगितली की माझ्याच्यानं गप्प बसवलं नाही. मी बोलून गेलो, आमच्याकडे गावोगाव तलाव आहेत, आम्ही पण उभे राहतो. ते खूश झाले. म्हणाले, मग हळदीच्या दिवशी दोघं व्याही एकाच लाटेवर जाऊ, सारे पाहुणे बघतील. मागून रुचिनं फोन ओढून विचारलं, "बाबा, तुम्हाले पोहता तरी येते का?" पोरीच्या सासरी पहिल्याच दिवशी बाप खोटा ठरावा, हे मला पटणारं नव्हतं. म्हणून सराव सुरू केला.

फळी म्हणून गावात जे जे मिळालं ते सगळं माझ्या वजनाखाली बुडालं. तेव्हा तुमचं दार आठवलं. (ते तुमच्या घरातल्या कोणत्याच चौकटीत बसत नाही, हे काढताना लक्षात आलं. मग ते कुठलं होतं, मामाजी?) दोन्ही टोकांना ट्रॅक्टरचे ट्यूब बांधले आणि भर दुपारी मधल्या पाण्यात जाऊन पोटावर पडलो. हवा नव्हती. तलाव ताटासारखा. लाटेशिवाय लाटेचा सराव कसा करावा याचा विचार करत होतो, तेवढ्यात छातीखालून कोणीतरी दार ठोकलं.

मासा असेल म्हणून सोडून दिलं. पण मासा थांबून थांबून ठोकत नाही. हे ठोकणं आपल्याकडचं होतं, आधी हळू, मग जरा थांबून, घरात माणसं आहेत हे ठाऊक असल्यासारखं. दुसऱ्या दिवशीही तसंच. घरी तुमच्या भाचेसुनेला, प्रेमिलाला, सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दार टाकलं म्हणून ठोकून राहिलं कोणी. पाट टाकला असता तर बसलं असतं."

पुढे मी ते ऐकायचं सोडलं. उठायचं, डगमगायचं, पडायचं, परत चढायचं. एके दिवशी प्रेमिला घाटावर कपडे धूत होती आणि काठाला रुख्मा ढिवरीण जाळं घेऊन उभी होती. मी गुडघ्यांवर आलो होतो, सगळं ध्यान पायांत होतं, आणि खालून ठोकलं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या ना, उघडंच आहे."

ठोकणं थांबलं. काठावरच्या म्हशी एकदम उठून उभ्या झाल्या. रुख्मानं जाळं गोळा केलं आणि ती मागे न पाहता गावाकडे चालायला लागली. मग तलावाच्या मधोमध पाणी वर आलं, काही आवाज न करता, पांघरुणाखाली झोपलेलं माणूस उठून बसावं तसं. ते माझ्याकडे आलं, दार उचललं गेलं, आणि मामाजी, मी उभा राहिलो. पाय हलले नाहीत. थेट काठापर्यंत आलो. भीती वाटायला पाहिजे होती, पण आनंदच इतका झाला की भीतीला जागा उरली नाही.

प्रेमिलानं कौतुक केलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही उभे राहिले ते दिसलं मले. पन तुमच्या मांगं कोन उभं होतं?"

तेव्हापासून घरात शेणानं सारवलेल्या भुईवर ओले पाय उमटतात. दारातून आत येणारे. बाहेर जाणारे एकही नाही. प्रेमिला जेवताना एक पाट जास्तीचा मांडते. ताटातला भात तसाच राहतो, गडव्यातलं पाणी तेवढं संपते. त्रास म्हणाल तर काहीच नाही. माणूस, जे कोणी असेल ते, अदबीचं आहे. फक्त आपण बोलायला लागलो की घर ऐकत असल्यासारखं शांत होते.

बाकी सर्व कुशल आहे. मामीजींना नमस्कार.

तुमचा भाचा
ओमेश्वर रहांगडाले

ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं की पाहुण्याला 'आता निघा' कसं म्हणावं हे आमच्या घरात कोणाला येत नाही. तुम्ही भल्याभल्यांना चहाच्या आत वाटेला लावलेलं मी पाहिलं आहे. एकदा येऊन जावं.

आणखी एक ता. क. येऊ नका. काल लग्नाला न्यायच्या बॅगा आतापासूनच भरून ओसरीवर ठेवल्या होत्या. आज बघतो तर त्यांच्या शेजारी ते ओले पाय, तोंड रस्त्याकडे. प्रेमिला म्हणते, इतकी वर्षं तलावात काढलेल्याला समुद्र पाहू द्या. माझ्यानंही नाही म्हणवलं नाही. तेव्हा एवढंच करा, मामाजी. तुम्ही वडीलधारे आहात. विश्वासबाबूंना एक फोन करून सांगा की मुलीकडून दोघं नाही, तिघं येऊन राहिले.