विठ्ठलरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स

चि. सिदू यास,

नांदूरघाटहून त्रिंबकमामाचा आशीर्वाद (नाइलाजानं). इकडं सगळे खुशाल हायत, एक मी सोडून. तुझी तब्येत बरी असंल. फोन न उचलणाऱ्याची बरीच असती.

दिवाळीत दोन दिवस आलास, त्यानंतर तोंड न्हाई दाखवलंस. मग त्या दोन दिवसांत माझ्या फ्लेक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला कावून हात लावलास? आधी बरं चाललं होतं: निमित्त, नाव, फोटो, शुभेच्छुक, सगळं एकदम भरायचं, फ्लेक्स तयार. तू म्हणालास, मामा, आता करिंग करू. म्हणजे फंक्शनला, प्रोग्रामच्या तुकड्याला, एका वेळी एकच गोष्ट द्यायची. निमित्त दिलं की फ्लेक्स न्हाई मिळत, दुसरं फंक्शन मिळतं. निमित्त त्याच्या पोटात, ते फक्त नाव मागतं. नाव दिलं की फोटो मागणारं तिसरं. शेवटची गोष्ट दिली की मग फ्लेक्स. वर, मधलं फंक्शन ठेवून द्यायचं आन् कितीदाही वापरायचं, निमित्त पुन्हा भरायची कटकट न्हाई. (मी मान डोलावली, कारण तुझी आई लई कौतुकानं बघत होती.)

परवा गावातला एक म्हातारा वारला. निमित्त भरलं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्यामागोमाग आपल्या गावच्या पुढाऱ्याचा, विठ्ठलरावांचा वाढदिवस. तुझ्या त्याच ठेवलेल्या फंक्शननं नाव मागितलं, दिलं. फोटो मागितला, गॉगलवाला दिला. निमित्त मेल्यानं मागितलंच न्हाई, ते आधीच पोटात होतं! कार्यकर्त्यांनी फ्लेक्स चौकात चढवला. (वाचतंय कोण? जो तो आपलाच फोटो शोधतो.)

सकाळी कडा गावाहून त्यांची बहीण छबुबाई जीपमधून उतरली ती ऊर बडवतच. मागं अर्धं गाव हार घेऊन. आन् विठ्ठलराव फेटा बांधून केक कापायला बाहेर! छबुबाईला चक्करच आली. दुपारी माझ्या दुकानाला कुलूप. विठ्ठलराव म्हणतात, हा उद्योग करणारा समोर उभा राहील तेव्हाच निघंल. पोटावर पाय दिलास बे माझ्या! आईवरून शिवी देणार होतो, पण ती माझी बहीण पडली. असशील तसा निघ.

तुझा संतापलेला मामा,
त्रिंबक

ता.क. कुलूप निघालं. वाटणी झाल्यापासून विठ्ठलरावांशी न बोलणारा त्यांचा भाऊ बजरंग फ्लेक्स वाचून अनवाणी रडत आलता. आता दोघं माझ्याच बाकड्यावर चहा पीत बसलेत. फ्लेक्स काढू देत न्हाईत.

ता.क. दुसरं: आता जित्या माणसांच्या श्रद्धांजलीला माझ्याकडं रांग लागली हाय. आपल्यासाठी कोण कोण धावत येतंय, ते सगळ्यांना बघायचंय. पहिला नंबर तुझ्या आईचा. नाव दिलंय, फोटोही दिलाय तिनं. मी अजून छापलं न्हाई. त्याच्या आत ये.